टीम मोठी झाली, आता जुन्या समर्थकांना नावाने कोण ओळखणार?

पायवाट
नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांवर इथे चर्चा होते ती बहुतेक वेळा फुटबॉलच्या निकालांची. माझा प्रश्न जरा बाजूचा आहे.

मी एका मध्यम आकाराच्या विद्यापीठाच्या महिला व्हॉलीबॉल टीमच्या बूस्टर क्लबचं, म्हणजे समर्थक-देणगीदारांच्या क्लबचं, काम बघते. पूर्वी मॅचला मोजकी माणसं यायची. कोच दारात उभ्या राहून नावानिशी चौकशी करायच्या. मॅच संपली की मुली नेटपाशी थांबायच्या, लहान पोरं सह्या घ्यायची, आम्ही खुर्च्या उचलू लागायचो. आता टीम जिंकते आहे, हॉल भरतो आहे, वरच्या बाजूला नव्या रांगा टाकणार आहेत. सोबत अ‍ॅप आलं, प्रायॉरिटी पॉइंट्स (किती वर्षं येता, किती रक्कम देता यावर सीटचा क्रम ठरवणारे) आले, नवं तिकीट ऑफिस आलं. मध्यंतरी क्लबमधल्या एका आजींना, ज्या टीम उभी राहिल्यापासून येतात, "आमच्या परिवारात नव्याने स्वागत" असा ईमेल आला. त्या हसल्या आणि पुढच्या सीझनचं तिकीट घेतलं नाही.

अ‍ॅथलेटिक्स डिपार्टमेंटने क्लबकडून एका पानात सूचना मागवल्या आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे हे आधीच सांगते. शेकड्यांचे हजार झाले की ही ओळख टिकवता येते का? येत असेल तर ती टिकवणं नक्की कुणाचं काम? नुसती मतं नकोत, अनुभव हवेत. (मतंही येणार, हे गृहीत धरलंय.)

तिरका_चेंडू
सोपा उपाय: चार सीझन सलग हरा. कोच परत दारात दिसतील.

शेवटची_रांग
तिरका_चेंडू, हसलो. पण मोठी गर्दी म्हणजे आपोआप परकेपणा, हे मला मान्य नाही. नेब्रास्का विद्यापीठाची महिला व्हॉलीबॉल टीम बघा. २००१ पासून त्यांच्या घरच्या नियमित मॅचेस हाऊसफुल जातात, आणि ३० ऑगस्ट २०२३ ला त्यांनी फुटबॉलच्या मैदानात मॅच ठेवली तेव्हा ९२,००३ लोक आले. एका रात्रीत जमवलेली गर्दी नाही ती.

गणितमास्तर
आधी पैशाचं बघू, मग भावनांचं.

खेळाडूंनी एनसीएएवर (कॉलेज खेळांची नियामक संस्था) भरलेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला जून २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. तेव्हापासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी एका विद्यापीठाची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. सगळे एवढे देत नाहीत, पण स्पर्धेत राहायचं तर काहीतरी द्यावंच लागतं. हा पैसा कुठून येणार? टेनेसी विद्यापीठाने तर २०२५ च्या फुटबॉल सीझन तिकिटांवर १० टक्के 'टॅलेंट फी' उघडपणे लावली. त्यात करसवलत आधीच गेलेली. २०१७ पर्यंत चांगल्या सीटचा हक्क मिळवण्यासाठी दिलेल्या देणगीपैकी ८० टक्के रक्कम करातून वजा करता यायची, २०१८ पासून शून्य.

थोडक्यात, प्रत्येक खुर्चीने किती कमावलं हे डिपार्टमेंटला मोजावंच लागणार. आजींबद्दल वाईट वाटतं, पण त्यांची ओळख कुठल्या रकान्यात बसवायची?

पायवाट
मास्तर, आमची टीम त्या २ कोटींच्या जवळपासही नाही हो. पण मुद्दा पोचला. डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्येही हाच सूर असतो, तुमच्याइतका स्पष्ट नसतो इतकंच.

मधलीसुट्टी
आमचं डिव्हिजन थ्री, एनसीएएचा तिसरा गट. खेळाच्या स्कॉलरशिप नाहीत, तिकीट नाही, कोचच मैदानावर चुना टाकतात. वैयक्तिक ओळख इतकी की मी एक मॅच चुकवली तर गोलकीपरची आई मेसेज करते, "बरे आहात ना?" कधीकधी थोडं परकं व्हायला आवडेल. :)

कडूनिंब
पायवाटताई, सूचना लिहिताना कम्प्लायन्स ऑफिसला (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्यांना) विसरू नका. बूस्टरने केलेली प्रेमाची गोष्टसुद्धा नियमात बसावी लागते. एनसीएएच्या लेखी माणूस एकदा बूस्टर झाला की कायमचा बूस्टर. भरतीच्या वयातल्या हायस्कूलच्या मुलीला तुम्ही सहज म्हणून "आमच्याकडेच ये हं" असा मेसेज केला तरी भानगड.

आणि पूर्वी तर कमाल होती. खेळाडूंना बेगल (मधे भोक असलेला गोल पाव) द्यायला परवानगी, पण त्यावर क्रीम चीज लावलं की ते जेवण धरायचे आणि नियमभंग व्हायचा. २०१४ मध्ये खाण्यावरची मर्यादा उठवली तेव्हा कुठे बेगलला न्याय मिळाला.

तिरका_चेंडू
म्हणजे इतकी वर्षं कोरडा बेगल हीच हौशी खेळाची व्याख्या होती.

शेवटची_रांग
कडूनिंब, हे खरंय?? मला वाटलं कुणीतरी रचलेला विनोद असेल.

कडूनिंब
शंभर टक्के खरं. नियमपुस्तिका वाचणाऱ्याला विनोद रचावे लागत नाहीत.

जुनाखोड
मी अशाच एका विद्यापीठाच्या तिकीट ऑफिसात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. जरा लांब लिहितो.

पायवाट, पहिलं म्हणजे कोचना यातून मोकळं करा. कोच दारात उभ्या राहायच्या म्हणून ओळख होती, असं तुम्हाला वाटतंय. खरी ओळख तिकीट खिडकीतल्या बाईकडे असते. पार्किंगला उभ्या असलेल्या माणसाकडे असते. सीझनमागून सीझन त्याच दरवाजावर तिकीट तपासणाऱ्याकडे असते. आमच्या ऑफिसात एक सहकारी होती, तिच्याकडे कार्डांचा एक खोका होता. प्रत्येक सीझन तिकीटवाल्याचं एक कार्ड. त्यावर रकमेपेक्षा टिपणंच जास्त. "गुडघा दुखतो, पायऱ्यांची सीट नको." "शेजारच्या गटाशी पटत नाही, लांब बसवा." "नवरा गेला. दुसरं तिकीट आपणहून रद्द करू नका, आधी विचारा." त्या शेवटच्या बाई पुढेही दोन तिकिटं घेत राहिल्या. एका खुर्चीवर त्या, दुसऱ्यावर कधी नात, कधी कुणी शेजारीण. सिस्टिमला विचारलं असतं तर तिने 'एक सदस्य कमी' म्हणून दुसरी खुर्ची विकून टाकली असती.

मग टीम वाढली आणि विक्री बाहेरच्या कंपनीकडे गेली. हे बऱ्याच ठिकाणी होतं. नुकती पदवी घेतलेली पोरं, पगार कमी, कमिशनवर मदार, वर्ष-दीड वर्षात दुसऱ्या शहरात चांगली नोकरी. पोरं वाईट नव्हती, उलट कष्टाळू होती. पण दर वेळी नवा आवाज आणि "तुम्ही आधी कधी मॅचला आला आहात का?" हा प्रश्न. ज्या माणसाने हॉलच्या उद्घाटनाची मॅच बघितली त्याला हे विचारायचं! सगळा डेटा सॉफ्टवेअरमध्ये गेला तेव्हा नाव, पत्ता, रक्कम गेली. टिपणं राहिली, कारण त्यांच्यासाठी रकानाच ठेवला नव्हता. मास्तर, तुम्ही विचारलात त्याचं उत्तर हेच, तो रकाना पाडावा लागतो.

दुसरं म्हणजे कुणाला जपायचं. मोठ्या देणगीदारांची चिंता करू नका. त्यांच्यासाठी देणग्या बघणारे डेव्हलपमेंट ऑफिसर असतात, एकेकाकडे शंभर-दीडशे नावं, ते वाढदिवससुद्धा विसरत नाहीत. विद्यार्थ्यांचं विद्यार्थी बघून घेतात. हरवतो तो मधला माणूस, दरवर्षी दोन नाहीतर चार तिकिटं घेणारा, तक्रार न करणारा. तो जातानाही तक्रार करत नाही, म्हणून गेलेला कळत नाही.

तिसरं, त्याला फोन करा आणि काही विकायचं नसेल तेव्हा करा. तिकीट नूतनीकरणाच्या आठवड्यात आलेला फोन कितीही गोड असला तरी बिलाचाच असतो. सीझन संपल्यावर करा. "कसं वाटलं यंदा?" एवढंच विचारा आणि ऐका. आणि वाईट बातमी कधीही आधी ईमेलने देऊ नका. सीट हलणार, दर वाढणार, पार्किंग लांब जाणार, हे माणसाच्या तोंडून कळलं तर लोक चिडतात पण राहतात.

शेवटची_रांग
जुनाखोड, स्वतंत्र लेख लिहा यावर.

गणितमास्तर
आकडेमोड केली. समजा २,००० सीझन तिकीट खाती आहेत. एका फोनला सरासरी ६ मिनिटं धरली तर २०० तास. आठवड्याला ४० तास धरले तर एका माणसाचे पाच आठवडे. न उचललेले फोन, परत केलेले फोन धरून आठ म्हणू. उन्हाळ्यात दोन विद्यार्थी ठेवले तर महिन्याभरात होईल.

एवढं महाग नाही हे. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच स्वस्त आहे. गेलेलं गिऱ्हाईक परत आणायला याहून जास्त लागतं.

तिरका_चेंडू
मास्तर विरघळले! धाग्याचं सार्थक झालं.

गणितमास्तर
विरघळलो नाही, भागाकार केला.

उन्हाळी_पाऊस
मी इथे थोडा विरोधी सूर लावते.

त्या जुन्या ओळखीचं सगळे गोडवे गाताय, पण ती ओळख कुणाला होती? मी या देशात आले तेव्हा आमच्या विद्यापीठातल्या बास्केटबॉलच्या चांगल्या सीट 'ओळखीने' मिळायच्या. म्हणजे कुणाचे वडील कुणाबरोबर त्याच टीममध्ये खेळले होते, कोण कुणाच्या चर्चमध्ये जायचं, यावर. खिडकीवर मला कायम "वरच्या मजल्यावर आहे एक" असंच ऐकू यायचं, आणि माझ्यामागून आलेल्या गृहस्थांना नावाने हाक मारून खालचं तिकीट मिळायचं. कुणी वाईट वागलं नाही. त्यांच्या खोक्यात माझं कार्ड नव्हतं, बस.

पॉइंट्स आले तेव्हा मला हायसं वाटलं. किती वर्षं, किती रक्कम, किती पॉइंट, पुढे कोण आणि मागे कोण, सगळं डोळ्यांसमोर. पाच-सहा सीझनमध्ये मी वरून खाली आले आणि त्यासाठी कुणाशी गोड बोलावं लागलं नाही. अ‍ॅप कोरडं असतं, मान्य. पण माझं आडनाव उच्चारताना ते अडखळत नाही आणि तिकीटही नाकारत नाही.

क्लेमसन विद्यापीठाच्या समर्थक क्लबचा, इप्टेचा, इतिहास मला म्हणूनच आवडतो. १९३४ ची मंदी, कल्पना काय तर 'मी वर्षाला दहा देतो'. दहा डॉलर सगळ्यांना सारखे. ज्यांच्याकडे रोख नव्हती त्यांनी दूध, रताळी आणून दिल्याचंही सांगतात. तिथे ओळख नंतर झाली, दार आधी उघडलं.

निळीशाई
उन्हाळी_पाऊस, या बाजूने मी विचारच केला नव्हता. आभार.

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे खेळाडू होते (खेळ सांगत नाही, टीम लहान होती). समर्थकांना 'वैयक्तिक' वाटावं म्हणून जे काही केलं जातं, त्याचा बराचसा भार आमच्यावर यायचा. सीझनच्या मध्यात प्रॅक्टिसच्या आधी टेबलावर कार्डांचा गठ्ठा. फळ्यावर मजकूर लिहिलेला, "आपल्या पाठिंब्यामुळेच", तो हाताने उतरवायचा. कोणाला लिहितोय ते माहीत नाही. ती कार्डं घरी फ्रिजवर लागतात हे मला फार नंतर कळलं आणि जरा ओशाळल्यासारखं झालं.

पण एक वेगळीही गोष्ट झाली. आमच्या एका असिस्टंट कोचने पद्धत बदलली. प्रत्येकीला सीझनभर दोनच कुटुंबं दिली आणि त्यांची थोडी माहिती दिली. माझ्या वाट्याला एक निवृत्त पोस्टमन आणि त्यांची बायको आली. त्यांना मी मॅचनंतर शोधायचे, कारण मला त्यांचे चेहरे माहीत होते. मी जखमी होऊन बाहेर बसले तेव्हा "आज तू बेंचवरून कुणावर ओरडत होतीस?" असं विचारणारे तेच दोघे होते. टीममध्ये पंधरा मुली म्हणजे फक्त तीस कुटुंबं, हे खरंय. हजारोंना पुरत नाही. पण जे होतं ते नाटक नव्हतं.

आताच्या मुलींकडून मात्र जपून मागा. १ जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर, सहीवर पैसे कमावता येतात, आणि ते योग्यच आहे. मॅचनंतर तासभर सह्या करत थांबणं हे आता फुकटचं प्रेम म्हणून गृहीत धरू नये. ट्रान्सफर पोर्टलमुळे (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) एखादी एकाच सीझनपुरती आलेली असते, तिला तुमच्या गावाशी नातं जोडायला वेळच मिळत नाही. आणि टीम गाजायला लागली की गर्दीत सगळेच आजी-आजोबा नसतात. ओळखपाळख हवी म्हणून एखादीला पार्किंगपर्यंत गाठणारेही असतात. दोरी बांधावी लागते, आणि ती बांधली म्हणून डिपार्टमेंटला कोरडं म्हणू नका.

शेवटची_रांग
हे वाचून थोडा गप्प झालो. मी त्या दोरीवर कुरकुर करणाऱ्यांपैकीच.

तरी एक सांगतो. आयोवा विद्यापीठात फुटबॉलच्या मॅचमध्ये पहिला क्वार्टर संपला की अख्खं स्टेडियम, सुमारे ७० हजार माणसं, शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे वळून हात हलवतात. वरच्या मजल्यावरून आजारी पोरं आणि त्यांचे आईबाप हात हलवतात. २०१७ मध्ये सुरू झालं, आणि कल्पना मार्केटिंगवाल्यांची नव्हती, एका चाहतीने फेसबुकवर सुचवली होती. नाव एकाचंही माहीत नसताना ते वैयक्तिक वाटतं. मोठ्या गर्दीलाही करता येण्यासारखं काहीतरी असतं. फक्त ते समर्थकांकडून वर यावं लागतं, आणि वरच्यांनी "छान, करा" म्हणावं लागतं.

तिरका_चेंडू
आणि वरच्यांनी लगेच त्याला स्पॉन्सर शोधू नये. "हा हात हलवण्याचा क्षण आपल्यापर्यंत आणला आहे अमुक इन्शुरन्सने."

मधलीसुट्टी
तिरका_चेंडू :D :D

कडूनिंब
एक पर्याय कुणीच मांडला नाही: न वाढणं. ड्यूक विद्यापीठाचं बास्केटबॉलचं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम १९४० चं आहे, ९,३१४ जागा. एवढी विजेतेपदं जिंकूनही मोठा हॉल बांधला नाही, आणि विद्यार्थी अगदी कोर्टाला खेटून बसतात. गोंझागा विद्यापीठाची बास्केटबॉल टीम १९९९ पासून दरवर्षी एनसीएए स्पर्धेत आहे, दोनदा फायनल खेळली, आणि त्यांचा २००४ चा हॉल ६,००० चाच. तिकीट मिळत नाही ही तक्रार तिथे जुनीच आहे, पण आत शिरलेला माणूस मागच्या रांगेतूनही खेळाडूचा चेहरा बघू शकतो.

पायवाटताई, त्या नव्या रांगा खरंच हव्यात का, हाही एक प्रश्न पानावर टाका.

उन्हाळी_पाऊस
कडूनिंब, आणि बाहेर उभे राहिलेले? ६,००० च्या हॉलमध्ये ओळख टिकते ती आतल्यांची. नवख्या माणसाला वर्षानुवर्षं वेटिंग लिस्ट. माझं मत नव्या रांगांच्या बाजूने. त्यातल्या काही कमी दरात शाळकरी मुलांसाठी ठेवा.

कडूनिंब
मान्य, अर्धं. मुलांच्या रांगा खाली, कोर्टाजवळ ठेवणार असतील तर पूर्ण.

निळीशाई
जुनाखोड, एक शंका. "नवरा गेला" हे कार्डावर लिहिलेलं खोक्यात होतं तोवर ठीक. तेच सॉफ्टवेअरमध्ये गेलं की बाहेरच्या कंपनीतला कोणीही वाचणार. कुणाचं ऑपरेशन, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे सगळं डेटाबेसमध्ये? मला नाही आवडणार माझ्याबद्दल असलं काही लिहिलेलं.

जुनाखोड
रास्त शंका. खोका कुलपात असायचा आणि किल्ली तिच्याकडेच. आता लिहायचं तर मी एवढंच लिहीन, जे त्या माणसासमोर मोठ्याने वाचता येईल. "पायऱ्या नकोत" लिहा, गुडघा लिहू नका. "तिकिटं बदलण्याआधी फोन करा" लिहा, कारण लिहू नका. काम तेवढ्यानेही होतं.

आणि उन्हाळी_पाऊस, तुमचं ते खिडकीवरचं वाचून बरं वाटलं नाही, कारण मी ते होताना बघितलंय. खोक्यात कार्ड कुणाचं होतं, तर जो बोलका होता त्याचं. म्हणून फोन यादीने करायचे, ओळखीने नाही. पहिलं वर्ष असलेल्यांनाही करायचे. खरं तर त्यांना आधी.

पायवाट
मंडळी, काल रात्री पान लिहून पाठवलं. तुमचं बरंच उचललंय, थोडक्यात सांगते.

एक: सीट आणि पॉइंट्सचे नियम उघडे ठेवा, त्यात ओळखीने फेरफार नको (उन्हाळी_पाऊस). दोन: दर सीझननंतर प्रत्येक तिकीटधारकाला एक फोन, त्यात विक्री नाही. नवीन लोक आधी. मास्तरांची आकडेमोड जशीच्या तशी टाकली, त्यावर डायरेक्टरसाहेबांचा अर्ध्या तासात उलट ईमेल आला, बाकी मजकुरावर अजून नाही. :) तीन: नोंदींचा रकाना, जुनाखोड म्हणाले तेवढाच. चार: जागा हलवायच्या झाल्या तर पत्राआधी फोन. मुलींसाठी एकच ओळ लिहिली: ज्यांना हवं त्यांनीच, दोन कुटुंबं, आणि कार्डांचा गठ्ठा बंद.

नव्या रांगांचा मुद्दा गाळला, ते आधीच मंजूर झालंय. शाळकरी मुलांच्या जागा मागितल्यात, खाली. कोचना वाचायला दिलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे मी दारात उभी राहू नको?" मी म्हटलं, राहा की, पण तुमच्यावर सगळं टांगलेलं नको. पुढच्या वर्षी तुम्हाला मोठ्या विद्यापीठाचा फोन आला तर? त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. यावरून काय समजायचं ते समजले.

त्या आजींना मीच फोन केला. तिकीट घेणार का ते विचारलं नाही. पाऊण तास बोलल्या, त्यातली चाळीस मिनिटं नव्या सेटरच्या सर्व्हिसवर. सर्व्हिस टाकताना तिचा पाय रेषेवर पडतो म्हणे. मी व्हिडिओ बघितला. पडतो.

गणितमास्तर
४५ मिनिटं? माझी सरासरी ६ होती.

तिरका_चेंडू
अंदाजपत्रक कोसळलं.

शेवटची_रांग
सेटरला सांगितलं का कुणी?

पायवाट
असिस्टंट कोचना कळवलंय. "कुणी पकडलं हे?" असं विचारत होत्या.

जुनाखोड, फोन करणाऱ्या विद्यार्थ्यांना काय शिकवायचं, यावर दोन ओळी द्याल का? जूनमध्ये सुरू करायचं म्हणतायत.

जुनाखोड
कागदावरचं वाचून दाखवायचं नाही. दिवसाला वीसच्या वर फोन नाहीत, त्यानंतर आवाजात कंटाळा येतो. संध्याकाळी जेवणाच्या वेळी नाही. उचलला नाही तर व्हॉइसमेलवर नाव आणि नंबर सावकाश, दोनदा. आणि नंबर ऑफिसचा द्या, जो पुढच्या वर्षीही लागेल. बाकी खासगी निरोपात पाठवतो, एक जुना नमुना आहे माझ्याकडे.